परवा म्हणजे कधी?

बाईंना फोनवर काही सांगायचं तर आधी पोटभर जेवून यावं, असं अख्खं ऑफिस म्हणायचं. कारण सांगणाऱ्याचं सांगून झालं की पलीकडून ठरलेला आवाज यायचा, "पुन्हा सांगा." मग पुन्हा सांगायचं. मग बाई लिहून घेतलेलं वाचून दाखवणार, आणि सांगणारा "बरोबर" म्हणेपर्यंत फोन ठेवणार नाहीत. आपत्ती नियंत्रण कक्षात एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. सगळे त्यांना पुन्हासांगा बाई म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

घरीही सुटका नव्हती. नवरा संध्याकाळी विचारायचा, "चहा टाकू का? एक कप, साखर कमी. पुन्हा सांगतो, साखर कमी." धाकटी बहीण शाळेत मुख्याध्यापिका होती, ती तर तोंडावर म्हणायची, "ताई, तू देवाला नमस्कार केलास तरी पोच मागशील." बाई हसायच्या, पण सवय काही सोडायच्या नाहीत.

सवय लागली त्यालाही एक कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका कारखान्यात आग लागली होती. इंजिनिअरनं वायरलेसवर ओरडून सांगितलं, "गाडी सोडा!" त्याला म्हणायचं होतं, गाडी पाठवा. ड्रायव्हरनं ऐकलं, गाडी सोडा. तो भला माणूस पाण्याचा भरलेला बंब रस्त्याच्या कडेला लावून कारखान्यापर्यंत चालत गेला. सगळे महिनाभर पोट धरून हसले. कारखान्याचं एक गोदामच जळालं होतं, माणसं वाचली होती, त्यामुळे हसणं परवडत होतं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर शब्दांची यादी केली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. हे शब्द नोंदवहीत लिहायचे नाहीत, अशी ती यादी. सोडा. लगेच. थोडंसं. वरच्या अंगाला. आणि सगळ्यांत वर, लाल शाईत, परवा.

परवावर त्यांचा फार राग. म्हणायच्या, "हा शब्द मागेही तोंड करून उभा राहतो आणि पुढेही. होऊन गेलेलंही परवा आणि व्हायचं तेही परवा. असल्या माणसाला आपण घरात तरी घेऊ का?" फोनवर कुणी चुकून परवा म्हणालाच तर त्याला लगेच प्रश्न यायचा, "परवा म्हणजे कधी? वार सांगा."

कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, चार टेबलं, सहा फोन, एक वायरलेस, आणि भिंतीवर नवा मोठा पडदा. पडद्यावर वीज केंद्राच्या राखेच्या तलावाखालच्या नऊ वस्त्यांचा नकाशा होता. त्या तलावाबद्दल सांगायला हवं. वीज केंद्रात जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून एका डोंगरकपारीत सोडत आणि मातीच्या बांधानं अडवून ठेवत. राख वाढली की बांध वाढवायचा. पंचवीस वर्षांत तो चार वेळा वाढवला होता. खाली ओढा, आणि ओढ्याच्या काठानं एक ते नऊ नंबरच्या वस्त्या. प्रत्येक वस्तीत खांबावर एक भोंगा, त्याला स्वतःची बॅटरी. कक्षातलं बटण दाबलं की नऊही वाजले पाहिजेत.

नवे साहेब आले आणि म्हणाले, आता भोंग्यांची गरज नाही, सगळ्यांच्या मोबाइलवर एका मिनिटात इशारा जाईल. साहेब हुशार होते, मेहनतीही होते, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण मोबाइलचे टॉवर ज्या विजेवर चालतात ती वीज त्याच केंद्रातून येते, आणि बांध फुटला तर पहिला घाला त्या केंद्रावरच पडेल, हे बाईंनी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं. साहेबांनी दुसऱ्यांदा ऐकलं. मग भोंगे राहिले, आणि पडद्यावर त्यांचे नऊ हिरवे ठिपकेही आले. फक्त ते ठिपके भोंग्याला विचारून लागत नव्हते. बाई नोंदवहीत जी तारीख लिहीत, ती कॉम्प्युटरवर चढली की ठिपका हिरवा व्हायचा.

त्या महिन्याच्या अखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. सोमवारी मुख्य कार्यालयातले मोठे अधिकारी आले होते, म्हणून निरोपाचा फोटो त्याच दिवशी उरकायचं ठरलं. जिन्यात सगळे दोन रांगांत उभे, फोटोवाला घड्याळाकडे बघतोय, मधली खुर्ची रिकामी. नेमका तेव्हा फोन वाजला. भोंगेवाल्या मामांचा. भोंग्यांची देखभाल करणारे हे मामा वीस वर्षं खांबांवर चढत होते आणि बोलायचे अगदी मोजकं, कारण फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला असायचा.

"सात नंबर. बॅटरी. परवा," मामा म्हणाले.

जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "बाई, आज तरी पुन्हा सांगा नको!" सगळे हसले. बाईंनाही हसू आलं. नवी साडी नेसल्या होत्या, केसही नीट विंचरले होते, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांच्यासाठी रांगेत खोळंबले होते. गेले दोन महिने मामा एकेका भोंग्याची बॅटरी बदलत होते, रोजचंच काम. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, आज सोमवार, परवा म्हणजे शनिवार. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. 'बॅटरी बदलली' या रकान्यात सात नंबरसमोर शनिवारची तारीख लिहिली आणि जिन्यात जाऊन खुर्चीवर बसल्या. फोटो छान आला.

मंगळवारी सकाळी दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी राखेच्या तलावावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

"बाई, बांधाला भेग पडलीय. बुडातून गढूळ पाणी येतंय."

"पुन्हा सांगा. भेग किती लांब?"

"चार माणसं आडवी झोपतील एवढी." मग त्याचा आवाज चिरकला. "पाच. बाई, आता पाच झाली."

बाईंनी वाचून दाखवलं. तो "बरोबर, बरोबर" म्हणाला. बाई म्हणाल्या, "आता तिथून पळा." साहेब तोपर्यंत शेजारी येऊन उभे होते. त्यांनी मोबाइलच्या इशाऱ्याचं बटण दाबलं, बाईंनी भोंग्यांचं दाबलं. दहा एकतीसला बांध गेला. दहा बत्तीसला खोलीतले दिवे गेले आणि जनरेटर घरघरत सुरू झाला. पडद्यावर मोबाइलच्या इशाऱ्याचं गोल चक्र फिरत राहिलं. 'संदेश पाठवला जात आहे.' पाचव्या मिनिटालाही तेच. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंना ते पाठ होतं. "चार नंबरला अकरापर्यंत पोचेल. सातला अकरा वीस."

वस्त्यांतले वायरलेस संच विजेवर चार्ज व्हायचे, आणि चार्ज करून ठेवणं हे कुणा एकाचं काम नव्हतं, म्हणजे ते कुणाचंच नव्हतं. एक, दोन, तीन आणि चार नंबरनं "भोंगा ऐकला, निघालो" असं कळवलं. पाच ते नऊ नुसती खरखर. मोबाइल मेले होते. अग्निशमन दलाचे मोठे बंब वीज केंद्रात अडकले होते. खाली फिरत होती ती एकच जीप, कर्णा आणि वायरलेस असलेली. ती चार नंबरमधून चालता न येणाऱ्या माणसांना टेकाडावर नेत होती.

दहा त्रेचाळीसला बाईंनी भोंगे वाजवल्याची वेळ लिहायला नोंदवही उघडली. एक, दोन, तीन करत बोट खाली आलं. सात नंबर, शनिवार.

शनिवार.

बाईंचं बोट तिथेच थांबलं. शनिवारी सकाळी नऊला मामांचा फोन आला होता, प्रसूतिगृहातून. "बाई, आजोबा झालो! नात झाली. आज येत नाही." बाईंनी वजन दोनदा वदवून घेतलं होतं, दोन किलो आठशे, आणि रजेच्या पानावर नोंदही केली होती. पान उलटून पाहिलं. होती. मामा शनिवारी कामावर नव्हतेच.

मग परवा म्हणजे बुधवार, उद्याचा. म्हणजे जुनी बॅटरी संपलेली आणि नवी यायचीय, सातच्या भोंग्यात आज जीव नाही. सातच्या वस्तीत चारशे घरं, ओढ्याला लागून शाळा, शाळेत दोनशे बारा मुलं, आणि त्या शाळेची मुख्याध्यापिका त्यांची सख्खी धाकटी बहीण.

त्यांनी वर पाहिलं. पडद्यावर सातचा ठिपका हिरवागार होता.

इथे माणसाचं मन काय काय करतं ते सांगायला हवं, कारण बाईंनी पुढे ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पहिला विचार आला तो असा, की मामांच्या हाताखालच्या माणसानं शनिवारी बदलली असेल. बदलली असेलच. दुसरा विचार, गप्प राहिलो तर ही चूक कुणाला सापडणार नाही, पडदा हिरवा आहे. तिसरा विचार सगळ्यांत वाईट. हे मला बॅटरीमुळे वाटतंय, की तिथे माझी बहीण आहे म्हणून? दुसऱ्या कुणाची बहीण असती तर माझं बोट असं थांबलं असतं का? एवढं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. अर्धं मिनिट त्या गप्प बसल्या, आणि ते अर्धं मिनिट त्यांना पुढे कधीच विसरता आलं नाही.

मग त्या उठून उभ्या राहिल्या. "साहेब, सातचा भोंगा वाजला नसावा."

"बाई, बोर्ड हिरवा आहे."

"बोर्डाला हिरवं मीच सांगितलंय. चुकीचं सांगितलंय."

चार वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं. मामा, परवा, शनिवार, रजा. साहेब ऐकत होते, आणि तेवढ्यात जीपच्या ड्रायव्हरचा आवाज आला.

"कंट्रोल, चार नंबर. शेवटची खेप राहिलीय. शिंपीकाका आहेत, पक्षाघात झालेला, अंगानं भारी. तिसऱ्या गल्लीत आत आहेत. उचलून आणायला दहा मिनिटं. त्यांच्या बायकोला मागच्या खेपेत नेलं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा सत्तेचाळीस. चारहून सातला वरच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं. शाळा रिकामी करायला पंधरा. दहा मिनिटं शिंपीकाकांना दिली, तर सातला काही उरत नव्हतं.

"तुमची खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"तुमची बहीण तिथल्याच शाळेत आहे ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं. टोमणा नव्हता, त्यांनाही कुठेतरी पाय टेकवायला जागा हवी होती.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मी अर्धं मिनिट गप्प बसले. पण मामा शनिवारी नव्हते, साहेब. हे लिहिलेलं आहे."

साहेबांनी डोळे मिटून उघडले. "पाठवा."

वायरलेसचं बटण बाईंनी दाबलं. "जीप, कंट्रोल बोलतेय. चार नंबरमधून आत्ता निघा. शिंपीकाकांना उचलायला थांबू नका. वरच्या रस्त्यानं सात नंबरला जा. सातचा भोंगा वाजलेला नाही असं समजा. कर्णा लावा, आधी शाळा. वाचून दाखवा."

ड्रायव्हरनं वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, बाईंनीच शिकवल्याप्रमाणे. मग नियमात नसलेलं एक वाक्य त्यानं जोडलं, "शेजारचे दोघं काकांना दारावर घालून आणतो म्हणतायत." बाई म्हणाल्या, "बरोबर. निघा."

पुढची पंधरा मिनिटं त्या खोलीत कुणी खुर्चीत टेकलं नाही. साहेबांनी शहरातून आणखी गाड्या निघाल्या का याची तीन वेळा चौकशी केली. निघाल्या होत्या, पण तासाभराच्या अंतरावर होत्या. बाई वायरलेससमोर उभ्याच होत्या. अकरा वाजून तीन मिनिटांनी आवाज आला.

"कंट्रोल, सातला पोचलो. इथे भोंगा वाजलेला नाही." ड्रायव्हर धापा टाकत होता. "बाई, इथे कुणाला काहीच माहीत नाही. शाळेत पाढे चाललेत."

आणि खरंच, त्याच्या आवाजामागे मुलं एका सुरात पाढे म्हणत होती, ते सगळ्या खोलीनं ऐकलं. मग कर्णा सुरू झाला आणि पाढे थांबले.

अकरा एकोणीसला राखेचा लोट सात नंबरमधून गेला. ड्रायव्हरनं टेकाडावरून पाहिलं तेवढं सांगितलं. पाणी म्हणता येणार नाही, ओलं सिमेंट चालत यावं तसं आलं, शाळेच्या खिडक्यांपर्यंत चढलं आणि तिथेच बसलं. त्यानंतर वायरलेसवर दुसराच आवाज आला, घोगरा, धुळीनं बसलेला.

"ताई, दोनशे बारा. दोनदा मोजली."

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

"दोनशे बारा, ताई. सगळी. मीपण आहे."

बाईंनी आकडा लिहिला, वेळ लिहिली, आणि मगच टेबलाला धरून खाली बसल्या.

दुपारी साडेतीनला तीन नंबरकडून निरोप आला. चार नंबरच्या शेजाऱ्यांनी शिंपीकाकांना दारावर घालून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं होतं. तिथे लोट आला. एकाचा पाय अडकला, दुसऱ्यानं त्याला ओढून काढलं. दार हातातून गेलं. त्या दिवशी नऊ वस्त्यांत मिळून गेलेला माणूस एकच. वरून अभिनंदनाचे निरोप येऊ लागले, आणि साहेब ते वाचून बाजूला ठेवत राहिले.

पाच वाजता भोंगेवाले मामा आले, गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेले. दारातच उभे राहिले. बाईंनी नोंदवही त्यांच्यापुढे धरली.

"जुनी संपली होती, नवी बॅटरी बुधवारी यायची होती, म्हणून परवा म्हटलं," मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी थांबलो होतो बाई. खांबावरच थांबलो होतो, तुम्ही पुन्हा सांगा म्हणाल म्हणून. तुम्ही बरं म्हणालात. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, बाईंना पक्कं कळलं."

बाईंनी मामांना पाणी दिलं, खुर्ची दिली. घरी गेल्यावर नवऱ्यानं चहा करून पुढ्यात ठेवला आणि त्या दिवशी एकदाही थट्टा केली नाही. बुधवारी साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. 'तांत्रिक कारणामुळे भोंगा बंद' असं वाक्य त्यांनी बाईंना वाचून दाखवलं. त्यांना बाईंची निवृत्ती जपायची होती, मनात दुसरं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "साहेब, भोंगा बंद होता हे खरं, पण चालू आहे असं मी लिहिलं होतं. तेही लिहा." साहेबांनी लिहिलं.

गुरुवारी सकाळी वस्त्यांकडचे फोन पुन्हा चालू झाले. छावणीतून एकामागून एक नोंदी येत होत्या. कुणाची शेळी, कुणाची कागदपत्रं, कुणाची हरवलेली आणि मग सापडलेली आजी. बाई लिहीत होत्या, वाचून दाखवत होत्या. अकराच्या सुमारास एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"चार नंबर वस्ती. शिंप्याचं घर. आमचे हे... परवा गेले."

बाईंचं पेन थांबलं. हा परवा कुठला ते विचारावं लागलं नाही. मंगळवारची तारीख त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिली. मग नाव, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम. सगळं लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं, कारण दुसरं काही करणं त्यांना येत नव्हतं. पलीकडून आवाज आला, "बरोबर आहे."

फोन मात्र ठेवला गेला नाही.

"एक विचारू का?" शिंपीकाकू म्हणाल्या. "तुम्ही कंट्रोलच्या ना? जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. लोक सांगतात, उभी होती. मला पोचवून ह्यांच्यासाठीच आली होती ती. मग परत का गेली?"

खोलीत साहेब होते, भोंगेवाले मामा होते. साहेबांनी हात पुढे केला, फोन माझ्याकडे द्या म्हणून. बाईंनी मान हलवली.

"मी पाठवली," त्या म्हणाल्या.

पलीकडे छावणीतला गलका ऐकू येत होता, भांड्यांचा, लहान मुलांचा. काकूंना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

"काय म्हणालात?" त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

बाईंनी काचेखालच्या यादीवर हात ठेवला. आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, सोमवारच्या फोनपासून, फोटोपासून, काही न गाळता. सात नंबरच्या शाळेत आपली बहीण होती, तेसुद्धा.